बंदरातले एकोणतीस तास

“एकोणतीस तास!” मी टेबलावर थाप मारून म्हणालो. “सकाळी अकराला बंदराला लागणार, दुसऱ्या दिवशी दुपारी चारला सुटणार. बाकी सगळ्या बेटांवर सहा-सात तासांत गाशा गुंडाळायचा, आणि नेमका मॉरिशसलाच रात्रीचा मुक्काम. नलू, हे जहाज आपल्यासाठीच थांबतंय बघ.”

नलिनी ताटं घेत होती. “जहाज कशाला थांबेल आपल्यासाठी?” ती म्हणाली. “म्हातारा मात्र थांबलाय. त्याला आधी कळवा.”

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एसटीच्या वेळापत्रक शाखेत बत्तीस वर्षं काढून मी नुकताच निवृत्त झालो होतो, आणि मुलीने हौसेने आम्हा दोघांना तीन आठवड्यांच्या सागरी सफरीची तिकिटं काढून दिली होती. मुंबईहून निघून हिंदी महासागरातली बेटं करत परत मुंबई. म्हातारा म्हणजे मॉरिशसचे गोविंद तानूजी, वय चौऱ्याऐंशी. त्यांना आम्ही कधी पाहिलं नव्हतं, पण नात्याने ते माझे चुलतकाका लागत होते.

ते सापडले माझ्या खुळापायी. निवृत्त माणसाला काही ना काही खूळ लागतंच. कुणी बाग लावतो, कुणी पेटी शिकतो. मी चिपळूणला घरी बसून आमच्या बाईत घराण्याचा कुलवृत्तांत लिहीत होतो. तुरळवाडीच्या जुन्या वंशावळीत धाकू बाईताला दोन मुलगे: थोरला तानू, धाकटा बाळू. बाळूची शाखा म्हणजे आम्ही. तानूच्या नावापुढे एकच शब्द होता, ‘परागंदा’. माहिती मागवणारं एक निवेदन मी इंटरनेटवर टाकलं आणि दोन महिन्यांनी मॉरिशसहून दिव्या तानूजी नावाच्या मुलीचं पत्र आलं. ती गोविंदकाकांची नात. तिथल्या शाळेत मराठी शिकवायची.

‘माझ्या आजोबांचे आजोबा तानू हे उसाच्या मळ्यात काम करण्यासाठी येथे आले,’ तिने लिहिलं होतं. ‘येथील नोंदवहीत त्यांच्या वडिलांचे नाव धाकू व गाव तुरळवाडी असे आहे. गोऱ्या कारकुनाने आडनाव विचारलेच नाही, म्हणून तानू हेच पुढे ‘तानूजी’ असे आमचे आडनाव झाले. आजोबांची एकच इच्छा आहे. आपल्या पुस्तकात तानूच्या नावाखाली आमची नावे यावीत. आम्ही त्रेचाळीस जण आहोत.’

ते पत्र मी नलिनीला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्या वेळी मध्येच थांबून मी डोळे पुसले. “बाईतांच्या पोरी इतकं शुद्ध कधीपासून लिहायला लागल्या?” ती म्हणाली, पण डोळे तिनेही पुसले.

मग मी कंबर कसून मुक्कामाची आखणी केली. हयातभर दुसऱ्यांच्या गाड्यांची वेळापत्रकं केली, हे पहिलंच स्वतःचं. साडेबाराला बंदराबाहेर पडायचं. दिव्याचा भाऊ गाडी घेऊन येणार, दोनपर्यंत त्यांच्या गावी. संध्याकाळी सगळ्या भावकीची एक पंगत. पंगतीआधी नारळ ठेवून तुरळवाडीच्या देवीला गाऱ्हाणं घालायचं, ते मी घालायचं, कारण गावाकडचा मी. रात्री मुक्काम त्यांच्याच घरी. सकाळी एकेकाचं नाव, जन्मसाल, मुलंबाळं नीट विचारून उतरवून घ्यायची आणि दीडच्या ठोक्याला परत निघायचं. वाटेत टायर पंक्चर झाला तर म्हणून पाऊण तास जादा धरला होता. नलिनी फोनवर दिव्याशी तासन्‌तास बोलायची. कुळथाचं पीठ आणू का, असं तिने विचारलं तर कळलं, की बंदरावर खाण्याचं सामान आत घेऊ देत नाहीत. “मग मीच तिथे जाऊन काहीतरी करून घालीन,” ती म्हणाली.

पुस्तक छापायला देण्याआधी मी दादाला सांगायला गावी गेलो. माझा थोरला भाऊ विश्वनाथ तुरळवाडीतच असतो, शेती बघतो. तो खळ्यात काजूच्या बिया पसरत होता. मी सगळं रंगवून सांगितलं. त्याने हातातलं सूप खाली ठेवलं.

“नावं घालनार? बुकात?”

“म्हणजे काय? आपली थोरली शाखा आहे ती.”

“थोरली हाय म्हनूनच बोलतोय. कातळावरची जमीन सातबाऱ्याला कुनाच्या नावानं हाय?”

मला माहीत होतं. तानू आणि बाळू, दोघांची नावं अजून तशीच होती. ती जमीन घ्यायला मुंबईची कोणी पार्टी येऊन गेली होती, आणि नावं कमी करण्यासाठी त्याआधीच्या दिवाळीत आम्ही दोघा भावांनी प्रतिज्ञापत्र केलं होतं, की तानू निर्वंश वारला.

“सही केलीस का नाय तू?” दादाने विचारलं.

“केली. पण तेव्हा कुणाला काय माहीत होतं?”

“मंग आता बी कुनाला म्हाईत नाय. छापील बुक म्हंजे पुरावा. उद्या कोर्टात तुजंच बुक तुज्या तोंडावर मारतील.”

“दादा, तो म्हातारा नावासाठी आसुसलाय. त्याला जमीन काय करायचीय?”

“त्याला नसंल. त्रेचाळीस हायत ना? समद्यांचा भरवसा तू देतोस?”

देतो, असं म्हणता आलं असतं. त्यासाठी फार मोठं काळीज लागत नव्हतं. पण लहानपणापासून दादाने आवाज चढवला की माझी दातखीळ बसते, आणि खरं सांगायचं तर त्या जमिनीच्या निम्म्या भागावर माझंही मन होतंच. सगळं दादाच्या माथी मारून मी मोकळा होणार नाही.

“तू जा, जेव, खा, फोटू काढ,” तो सूप उचलत म्हणाला. “पन लिवून काय देऊ नको.”

परत येताना एसटीत मी एकच विचार करत होतो. एक अख्खी रात्र त्या घरात काढायची, त्यांच्या हातचं जेवायचं, देवीपुढे उभं राहून गाऱ्हाण्यात तानूचं नाव घ्यायचं आणि सकाळी वही न उघडता उठून यायचं. हे मला जमणारं नव्हतं. म्हणून मी वेळापत्रकाला हात घातला.

आधी रात्र काढली. ‘जहाजाच्या नियमाप्रमाणे प्रवाशांना रात्री जहाजावरच राहावे लागते,’ असं दिव्याला लिहिलं. असा काही नियम नव्हता. तिचं उत्तर आलं, ‘काही हरकत नाही. मग आपण पंगत लवकर करू, सहा वाजता.’ आठवड्याने मी कळवलं, की पहिल्या दिवशी जहाजातर्फे बसने बेट दाखवतात, ते चुकवता येत नाही. ‘तर मग दुसऱ्या दिवशी दुपारचे जेवण,’ तिने लिहिलं. ‘आजोबांना सकाळीच भूक लागते, ते खूश होतील.’ पुढे मी नलिनीचे गुडघे पुढे केले. तास-दीड तासाचा गाडीचा प्रवास तिला झेपणार नाही, म्हटलं. नलिनी तेव्हा रोज गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत चालत जाऊन येत होती. शेवटी उरली ती बंदराच्या दारातल्या प्रतीक्षागृहातली भेट. दुसऱ्या दिवशी दुपारी एक ते दोन. एकोणतीस तासांचा मी एक तास करून ठेवला आणि दिव्याने प्रत्येक वेळी ‘काही हरकत नाही’ लिहिलं.

“एकच तास?” नलिनीने विचारलं. “एवढ्या लांब जायचं ते एका तासासाठी?”

“जहाजाचे नियम आहेत. मी काय करू?”

“आणि पुस्तक? छापायला गेलं का?”

“गेलं.”

“त्यांची नावं?”

“झालंय ते सगळं,” मी म्हणालो आणि आंघोळीला उठलो.

निघायच्या आठ दिवस आधी छापखान्यातून प्रती आल्या. मी गठ्ठा न सोडता माळ्यावर टाकला.

मॉरिशसला जहाज अगदी वेळेवर लागलं. पहिल्या दिवशी आम्ही बसमध्ये बसून एक विझलेला ज्वालामुखी पाहिला, रंगीत माती पाहिली, एक धबधबा पाहिला. दोन्ही बाजूंना ऊस, मैलच्या मैल. नलिनी खिडकीला नाक लावून बसली होती. “हे सगळं कुणी लावलं असेल?” एवढंच ती एकदा म्हणाली.

संध्याकाळी सहाला आम्ही जहाजावर परतलो, तर शेजारच्या खोलीतलं नाशिकचं जोडपं छोट्या पिशव्या घेऊन खाली उतरत होतं. ती दोघं रात्री किनाऱ्यावरच्या हॉटेलात राहणार होती.

“हे कसे जातायत?” नलिनीने विचारलं.

“परवानगी काढली असेल आधी.”

ती माझ्याकडे बघत राहिली. पस्तीस वर्षं संसार केलेल्या बाईने असं बघितलं की माणसाने समजून जावं. मी जेवणाच्या यादीत डोकं घातलं. मोठ्या हॉलमध्ये त्या संध्याकाळी वीसेक माणसं होती, बाकी सगळं जहाज बेटावर गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी एक वाजायला दहा मिनिटं असताना आम्ही प्रतीक्षागृहात पोचलो. ती दोघं आधीच येऊन बसली होती. दिव्या तिशीची, सावळी, सुती साडी नेसलेली. गोविंदकाका काळा कोट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून, काठीवर दोन्ही हात ठेवून ताठ बसले होते. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

“बाळूचा तू?”

“हो काका. बाळूचा पणतू.”

“माजा आजा मला मांडीवर घ्यायचा,” ते सावकाश, एकेक शब्द शोधत म्हणाले. त्यांची मराठी आमच्या गावातल्या अगदी म्हाताऱ्या माणसांसारखी होती. “बोलायचा, बाळू ल्हान व्हता. निजला व्हता. त्याला सांगून नाय आलो. लई वर्सं बोलायचा तां. बाळूला सांगून नाय आलो.”

नलिनी त्यांच्या पायाशी खाली जमिनीवरच बसली आणि तिने त्यांचा हात धरला. तिला रडू आवरेना. म्हातारा तिच्या डोक्यावर थोपटत राहिला.

“काल संध्याकाळी सगळे घरी जमले होते,” दिव्या मला म्हणाली. “मी नको सांगितले होते. पण आजा म्हणाले, जहाजाचे नियम बदलूही शकतात.”

“खरंच फार कडक असतात हो नियम,” मी म्हणालो.

“काका, माझा मावसभाऊ याच बंदरात नोकरीला आहे.” तिने आवाज खाली आणला. “प्रवासी रात्री बाहेर राहू शकतात, हे मला तुम्ही तो नियम लिहून कळवलात तेव्हाच ठाऊक होते. मी आजोबांना सांगितले नाही.”

काहीतरी बोलायचं म्हणून मी तोंड उघडलं, पण तीच पुढे म्हणाली, “मला वाटले, तुम्हाला जमिनीची भीती वाटत असेल. येथेही तसेच आहे. जमिनीचा प्रश्न आला की भाऊ भावाला ओळखत नाही. म्हणून आम्ही हे करून आणले.”

तिने पर्समधून एक कागद काढला. मराठीत टंकलेला, खाली इंग्रजीत तेच, त्याखाली सह्या. आम्ही तानू धाकू बाईत यांचे वंशज तुरळवाडी येथील कोणत्याही जमिनीवर हक्क सांगणार नाही. सज्ञान होते तेवढ्या सगळ्यांच्या सह्या होत्या, एकतीस. पहिली गोविंदकाकांची, थरथरत्या अक्षरात.

“जमीन तुमी खावा,” म्हातारा हसून म्हणाला. “आमाला ऊस हाय. आमाला नाव पायजे.”

दादाने विचारलेला भरवसा माझ्या हातात आला होता. मला वाटलं, वाचलो. परत जाऊन दुसरी आवृत्ती काढू, निदान एक पुरवणी छापू, हा कागद दादाच्या पुढे टाकू. मी कागदाची घडी घालून खिशात ठेवत होतो, एवढ्यात नलिनी डोळे पुसत उठली.

“अहो, असे काय बसलात? पुस्तक द्या ना त्यांना!”

“पुस्तक... ते घरी राहिलं.”

“राहिलं कसं? मी घेतलंय की माळ्यावरून एक.” तिने पिशवीतून कुलवृत्तांत काढला, पदराने पुसला आणि दोन्ही हातांनी गोविंदकाकांच्या मांडीवर ठेवला. “काका, तुमची सगळ्यांची नावं आहेत यात. ह्यांनी वर्षभर खपून लिहिलंय.”

ती हे मनापासून बोलली. मी काय छापलंय हे तिला माहीत नव्हतं.

म्हाताऱ्याने पुस्तकावरून हात फिरवला. त्यांना फ्रेंच वाचता यायचं, देवनागरी येत नव्हती. “दिव्या, वाच,” ते म्हणाले. “आमचा वाच.”

मी म्हणालो, “आता वेळ थोडा आहे काका, घरी गेल्यावर...” पण दिव्याने पुस्तक घेतलं होतं. अनुक्रमणिका पाहून तिने बरोबर सतरावं पान काढलं. त्या पानावर काय होतं ते मला पाठ होतं, कारण मुद्रितं मीच तपासली होती. ‘तानू धाकू बाईत. परागंदा. निर्वंश.’ जुन्या वंशावळीतल्या एका शब्दाला मी दुसरा जोडला होता, आमच्या प्रतिज्ञापत्राशी जुळावा म्हणून. त्याखालून लगेच बाळूची शाखा सुरू होत होती.

दिव्या त्या ओळीकडे बघत राहिली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. नलिनी तिच्या खांद्यावरून कौतुकाने पानात डोकावली, आणि मला नलिनीचा चेहरा दिसला.

“वाच ना गो,” म्हातारा म्हणाला.

दिव्याने घसा साफ केला. “तानू धाकू बाईत,” ती वाचू लागली. वर्गात वाचतात तसा स्वच्छ, मोठा आवाज. “मॉरिशस येथे स्थायिक. पत्नी राधा. पुत्र दोन, लक्ष्मण आणि शिवराम. लक्ष्मण यांचे पुत्र गोविंद. गोविंद यांचा जन्म एकोणीसशे एकोणतीस.”

“हा,” म्हातारा म्हणाला. त्याने डोळे मिटून घेतले होते.

“गोविंद यांची पत्नी पार्वती. पुत्र तीन, कन्या दोन.” ती एकेक नाव घेत गेली. जावई, सुना, नातवंडं. योग्य त्या ठिकाणी तिने पान उलटलं. त्या पानावर माझ्या आजोबांचा फेटा बांधलेला फोटो होता, आणि त्यावर नजर ठेवून ती आपल्या चुलत बहिणींची नावं वाचत होती. एकदाही अडखळली नाही.

“आनंदीचा घातला?” म्हाताऱ्याने मधेच विचारलं. “ती ल्हानपनी गेली. तिचा कोन घालत नाय.”

“घातले आहे आजा. कन्या आनंदी, बालवयात निधन.”

“बरा केलान्,” ते माझ्या दिशेला हात करून म्हणाले. “बरा केलान् पोरानं.”

त्रेचाळीस नावं झाली तेव्हा दोनला पाच मिनिटं कमी होती. दिव्याने पुस्तक मिटून स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं. गोविंदकाका काठीवर भार देऊन उठले, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “तुजा वंस वाढू दे,” म्हणाले. त्या हाताखाली मी मान खाली घालून उभा राहिलो. खरं काय ते सांगायला अजूनही वेळ होता. मी सांगितलं नाही.

“चला आजा,” दिव्या म्हणाली. “काकांना जहाजाचे नियम आहेत.”

दोघं दाराबाहेर गेली. जहाजावर परत चढताना नलिनी माझ्या पुढे चार पावलं चालत होती. मुंबई येईपर्यंत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली, आणि त्या विषयावर तर आजतागायत एक अक्षर बोललेली नाही.

मी दुसरी आवृत्ती काढली नाही. तो कागद मी दादाला दाखवला. त्याने तो नीट वाचून कपाटात ठेवून दिला. “बेस झालं,” म्हणाला, “आता तर लिवायची गरजच नाय.” मुंबईची पार्टी पुढे फिरकलीच नाही. त्या कातळावर आज कुणी गवतही कापायला जात नाही.

तीन वर्षांनी दिव्याचं शेवटचं पत्र आलं. त्या भेटीनंतर मी तिला एकदाही लिहिलं नव्हतं. तीच शुद्ध मराठी, पण चारच ओळी.

‘आजोबा मंगळवारी गेले. शेवटपर्यंत ते पुस्तक उशाशी होते. दुसऱ्या कोणी उघडू नये म्हणून मी ते त्यांच्याबरोबर चितेवर ठेवले. आपणांस सुतक लागत नाही.’

पत्र नलिनीने वाचलं. तिने देवघर बंद केलं आणि दहा दिवस सुतक पाळलं. मी पाळलं नाही. त्याच आठवड्यात गावी देवीचा उत्सव होता, आणि गाऱ्हाण्याला उभा राहिलो नसतो तर दादाने चारचौघांत विचारलं असतं, कोण गेलं म्हणून.